पिंपात मुरलेली ब्राऊन एल : व्हॅनिलाचा वास येतो कुठून?

गेल्या हिवाळ्यात माझा भाचा मिशिगनहून पुण्याला आला, तेव्हा त्याने स्वेटरच्या घडीत गुंडाळून बिअरच्या दोन बाटल्या आणल्या होत्या. बाटल्या लहान, ३५५ मिलिलिटरच्या, आणि लेबलावरचा मजकूर अगदी मोजका होता : इम्पिरियल ब्राऊन एल, बर्बनच्या पिंपात दहा महिने मुरवलेली, अल्कोहोल ११ टक्के. त्यांतली एक आम्ही जेवणाआधी उघडली. पहिला घोट घेऊन त्याने पेला खाली ठेवला आणि विचारले, "मामा, यात व्हॅनिला इसेन्स घालतात का हो?"

लेबलावर घटक चारच दिले होते : पाणी, माल्ट, हॉप्स (बिअरला कडूपणा आणि सुगंध देणारी फुले) आणि यीस्ट. तरीही व्हॅनिलाचा वास अगदी स्पष्ट होता, त्याच्या मागोमाग ओल्या खोबऱ्याचा आणि अगदी शेवटी लवंगेचा. भाच्याचा प्रश्न रास्त होता. त्याचे उत्तर लाकडात आहे. पण लाकडाने काय दिले हे कळायचे असेल, तर पिंपात शिरताना ती बिअर कशी होती हे आधी ठाऊक असायला हवे.

आपल्याकडे बिअर म्हटली की जी फिकट सोनेरी, थंडगार बाटली डोळ्यांसमोर येते ती बहुतेक वेळा लागर असते. लागर कमी तापमानात, सावकाश आंबवतात आणि तिची चव स्वच्छ, एकेरी राहते. एल त्यापेक्षा उबदार तापमानात आंबते, आणि त्या उबेत यीस्ट अल्कोहोलबरोबर फळांसारखा वास देणारी काही द्रव्येही तयार करते. ब्राऊन एल हा या घराण्यातला इंग्लंडमधला प्रकार. लंडनच्या मॅन या ब्रुअरीने, म्हणजे बिअरच्या कारखान्याने, १९०२ मध्ये बाटलीत भरलेली ब्राऊन एल गोडसर आणि सौम्य होती. उत्तरेकडे न्यूकॅसलमध्ये कर्नल जेम्स पोर्टर यांनी १९२७ मध्ये बाजारात आणलेली ब्राऊन एल त्यापेक्षा कोरडी होती. पुढे १९८० च्या दशकात अमेरिकेतल्या लहान ब्रुअऱ्यांनी हीच बिअर अधिक हॉप्स घालून, अधिक कडू आणि अधिक भरदार केली. 'इम्पिरियल' हे विशेषण मुळात रशियाच्या राजदरबारासाठी इंग्लंडहून जाणाऱ्या कडक स्टाउटचे, म्हणजे काळ्या, भाजक्या चवीच्या एलचे होते. आता ते कोणत्याही प्रकाराच्या जास्त कडक रूपाला लावतात.

ब्राऊन एलचा रंग आणि तिची बरीचशी चव भाजण्यातून येते. बार्लीला मोड आणून ती वाळवली की माल्ट होतो, आणि तो किती व कसा भाजला यावर पुढचे सगळे ठरते. तव्यावरच्या भाकरीला तांबूस डाग पडतात, रवा भाजताना एका क्षणी घरभर खमंग वास सुटतो, तिथे जी रासायनिक क्रिया घडते तीच माल्टमध्येही घडते. साखर आणि प्रथिनांचे घटक उष्णतेत एकत्र येतात आणि त्यातून शेकडो नवे वास जन्माला येतात. काही माल्ट ओलसर असतानाच उबवतात, त्यामुळे दाण्याच्या आतल्या पिठाची साखर होते आणि नंतर भाजताना ती साखर टरफलाच्या आतच घट्ट पाकासारखी होते. बिअरमधली टॉफीची गोडी तिथून येते. त्याहून गडद माल्टला व्यवहारात 'चॉकलेट माल्ट' म्हणतात, पण त्यात चॉकलेट नसते, नाव केवळ रंगावरून आणि वासाच्या आठवणीवरून पडले आहे. असा गडद माल्ट न जाळता भाजता येणे शक्य झाले ते डॅनियल व्हीलर यांनी १८१७ मध्ये पेटंट घेतलेल्या फिरत्या नळकांड्याच्या भट्टीमुळे. स्टाउटमध्ये हे भाजणे कॉफीच्या कडूपणापर्यंत जाते. ब्राऊन एल त्याच्या बरीच अलीकडे थांबते : भाजलेले शेंगदाणे, पावाचा कडक कोपरा, काकवी. हे अलीकडे थांबणे पुढे फार महत्त्वाचे ठरते.

आता पिंपाकडे वळू. बर्बन ही अमेरिकेची व्हिस्की. तिच्या धान्यात मका किमान ५१ टक्के असावा लागतो, आणि ती आतून जाळून काढलेल्या नव्या कोऱ्या ओकच्या पिंपातच ठेवावी लागते, असा तिथला कायदा आहे. पिंप 'नवे' असण्याच्या या अटीमुळे एकदा बर्बन काढून घेतली की ते पिंप पुन्हा बर्बनसाठी चालत नाही. पिंप मात्र चांगले धडधाकट असते, साधारण २०० लिटरचे, जाड फळ्यांचे, आणि दशकानुदशके टिकू शकणारे. म्हणून बहुतेक बर्बन जिथे बनते त्या केंटकी राज्यातून अशी रिकामी पिंपे जगभर जातात. स्कॉटलंडमधल्या बहुतेक व्हिस्क्या त्यांत मुरतात, कॅरिबियन बेटांवरची रम त्यांत मुरते, आणि गोव्यात कुंकळ्ळी इथे तयार होणारी पॉल जॉन ही सिंगल मॉल्ट व्हिस्कीही त्यांतच मुरते. बिअरवाल्यांनी ही पिंपे घेणे तुलनेने अलीकडचे. शिकागोच्या गूज आयलंड ब्रुअरीने १९९० च्या दशकात जिम बीम या बर्बनच्या रिकाम्या पिंपांत स्टाउट भरली आणि तिथून ही पद्धत अमेरिकाभर रुजली.

पिंप आतून जाळतात म्हणजे अक्षरशः पेटवतात. फळ्या वाकवून, पोलादी कड्यांत बसवून झाल्या की पिंपाच्या आत काही सेकंद ज्वाला सोडतात, आणि आतला पृष्ठभाग मगरीच्या कातडीसारखा भेगाळलेला कोळसा होतो. पण खरी संपत्ती कोळशात नसून त्याच्या लगेच मागच्या, जळालेल्या नव्हे तर नुसत्या भाजलेल्या लाकडाच्या पातळ थरात असते. लाकूड मुख्यतः तीन पदार्थांचे बनलेले असते. त्यांतला सेल्युलोज चवीच्या दृष्टीने फारसा कामाचा नाही. दुसरा हेमिसेल्युलोज, तो उष्णतेत तुटला की त्याच्या साखरा होतात आणि त्या करपून कॅरॅमलचा व बदामाचा वास देतात. तिसरा लिग्निन, म्हणजे लाकडाचे तंतू एकमेकांना चिकटवून ठेवणारा पदार्थ. तो उष्णतेत तुटतो तेव्हा जी द्रव्ये तयार होतात त्यांत व्हॅनिलिन असते, आणि हे व्हॅनिलिन व्हॅनिलाच्या शेंगेत असणाऱ्या व्हॅनिलिनहून रेणूमात्रही वेगळे नसते. भाच्याच्या नाकाने चूक केलेली नव्हती. त्याने व्हॅनिला ओळखला तो खराच होता, फक्त तो शेंगेतून न येता ओकच्या फळीतून आला होता.

खोबऱ्याचे उत्तरही असेच आहे. ओकच्या लाकडात, आणि विशेषतः अमेरिकी पांढऱ्या ओकमध्ये, लॅक्टोन नावाच्या वर्गातले एक द्रव्य भरपूर असते, इतके की त्याला 'व्हिस्की लॅक्टोन' असेच नाव पडले आहे. त्याचा वास खवलेल्या नारळाचा येतो. लवंगेचा वास येतो तो युजेनॉलचा, आणि आपल्या मसाल्याच्या डब्यातल्या लवंगेला तिचा वास देणारे द्रव्यही युजेनॉलच. मराठी स्वयंपाकघरात वाढलेल्या माणसाला या बिअरचा वास परका वाटत नाही, याचे कारण मला इथे सापडते. भाजलेले धान्य, खोबरे, लवंग, काळपट गूळ हे वास आपल्या नाकाला लहानपणापासून पाठ आहेत. केवळ ते पेल्यात एकत्र भेटण्याची सवय नाही.

लाकडाखेरीज पिंपात आणखी एक गोष्ट शिल्लक असते, ती म्हणजे बर्बन. पिंप ओतून रिकामे केले तरी फळ्यांनी पिऊन घेतलेले काही लिटर मद्य लाकडातच राहते. समजा, त्यातले पाच लिटर, ६० टक्के ताकदीचे मद्य, आत भरलेल्या २०० लिटर बिअरमध्ये उतरले. तर तीन लिटर शुद्ध अल्कोहोल वाढले, म्हणजे बिअरची ताकद सुमारे दीड टक्क्याने चढली. ब्रुअर लोकांचा अनुभवही एक ते दोन टक्क्यांच्या वाढीचाच आहे. म्हणून पिंप ताजे असणे महत्त्वाचे. बर्बन काढल्यावर ते फार दिवस कोरडे पडले तर फळ्या आक्रसतात, सांधे उघडतात, आत बुरशी धरण्याची भीती असते आणि मद्याचा अंशही उडून जातो.

हा व्यवहार दुतर्फा चालतो, हे एडिंबराच्या इनिस अँड गन या बिअरच्या जन्मकथेवरून दिसते. एका व्हिस्की कंपनीला आपल्या व्हिस्कीसाठी एलच्या चवीने भिजलेली पिंपे हवी होती. त्यासाठी पिंपांत एल भरून ठेवली जाई आणि नंतर ती ओतून दिली जाई. कारखान्यातल्या कामगारांनी ती ओतून देण्याची एल चाखून पाहिली, ती त्यांना आवडली, आणि २००३ मध्ये ती स्वतंत्र बिअर म्हणून बाजारात आली.

बिअर पिंपात किती काळ ठेवायची याला एकच उत्तर नाही. केंटकीतल्या लेक्सिंग्टनची बर्बन बॅरल एल काही आठवडेच पिंपात राहते, तर ११-१२ टक्क्यांच्या कडक बिअर सहा महिने ते वर्षभर राहतात. व्हॅनिला आणि मद्याचा वास लवकर उतरतो. टॅनिन, म्हणजे चहा जास्त उकळला की जिभेला जो कोरडेपणा येतो तो देणारे द्रव्य, हळूहळू साठत जाते. शिवाय लाकूड श्वास घेते. फळ्यांतून थोडा थोडा प्राणवायू आत येतो आणि पाणी व अल्कोहोल बाहेर उडत राहतात. स्कॉटलंडच्या थंडीत व्हिस्कीच्या पिंपातून वर्षाला सुमारे दोन टक्के द्रव असा उडून जातो. बंगळुरूच्या हवेत अमृत डिस्टिलरीत हेच प्रमाण दहा टक्क्यांच्या पुढे जाते. व्हिस्कीला उष्णता काही प्रमाणात मानवते, बिअरला मात्र मुळीच नाही, म्हणून ब्रुअर थंड आणि स्थिर जागा शोधतात. मिशिगनमधल्या ग्रँड रॅपिड्स शहराच्या पोटात जिप्समच्या जुन्या खाणी आहेत, आणि तिथली फाउंडर्स ब्रुअरी आपली पिंपे तिथे ठेवते. बर्बनच्या पिंपात कॉफीसह मुरवलेल्या त्यांच्या ब्राऊन एलचे नाव 'अंडरग्राउंड माउंटन ब्राऊन' असे आहे.

एकाच दिवशी, एकाच बिअरने भरलेली दहा पिंपे दहा महिन्यांनी दहा वेगळ्या चवी देतात. कुणात खोबरे जास्त, कुणात तुरटपणा, एखादे आंबलेलेही निघते. हे तपासण्याची रीत मला फार आवडते. पिंपाच्या तोंडच्या फळीला बारीक भोक पाडून त्यात स्टेनलेस स्टीलचा खिळा बसवलेला असतो. चव घ्यायची वेळ आली की पकडीने खिळा उपसायचा, सुईएवढी धार पेल्यात धरायची, आणि खिळा परत ठोकायचा. वरचे झाकण उघडावे लागत नाही, त्यामुळे हवा आत शिरत नाही. कॅलिफोर्नियातल्या विनी सिलुर्झो या ब्रुअरच्या नावाने हा खिळा तिकडे ओळखला जातो. सगळी पिंपे चाखून झाली की कोणती कोणत्या प्रमाणात एकत्र करायची हे ठरते, आणि माझ्या मते या बिअरचे खरे कसब या मिश्रणातच आहे.

मघाशी म्हटलेले अलीकडे थांबणे आता कामाला येते. स्टाउट इतकी भाजकी आणि दाट असते की पिंपाने कितीही जोर केला तरी तिचा कडू, काळा कणा शाबूत राहतो. ब्राऊन एलला तो आधार नाही. शेंगदाण्याचा आणि पावाचा हळुवार वास व्हॅनिलाच्या लाटेखाली सहज बुडतो, आणि मग जे उरते ते पाणी घातलेल्या गोड बर्बनसारखे लागते. म्हणून पिंपातल्या ब्राऊन एलची पारख करताना लाकूड किती लागते हे मी शेवटी पाहतो. आधी शोधतो ते धान्य. पिंपाच्या खालून धान्याची चव अजून वर येत असेल तर ब्रुअरने वेळेवर हात आवरला असे समजावे.

ते शोधण्यासाठी घाई करून चालत नाही. त्या संध्याकाळी बाटली फ्रिजमधून थेट आली होती आणि मी ती ब्रँडीच्या फुगीर पेल्यात जेमतेम दोन बोटे ओतली. फेस पातळ होता आणि दोन मिनिटांत पेल्याच्या कडेला नुसते वलय उरले. इतक्या कडक बिअरला फेस धरत नाही, तो दोष नव्हे. रंग काकवीचा, पण दिव्यासमोर पेला तिरका धरला की कडेला तांबूस. थंड असताना हाती लागले ते एवढेच : नाकाला व्हॅनिला, जिभेला बोथट गोडी, आणि घशाला एक चटका. थंडीत गोडीची जाणीव मंदावते आणि बहुतेक सुगंध द्रवातून वर सुटतच नाहीत, त्यामुळे फक्त सर्वांत ठळक वास पुढे येतो. भाच्याने इसेन्सचा प्रश्न विचारला तो याच टप्प्यावर.

पंधरा मिनिटांनी, पेला तळहातात धरून थोडा गरम झाल्यावर, खोबरे आले आणि त्याबरोबर काळ्या मनुकांचा वास. या मनुका लाकडातल्या नव्हेत. फळीतून आलेल्या प्राणवायूने माल्टमध्ये घडवलेला तो बदल, म्हणजे मुरण्याचीच खूण. लोणचे मुरते तेव्हा फोड, मीठ आणि मोहरी यांची वेगळी ओळख पुसट होऊन चवीला एक गोलाई येते, तसेच इथे घडते. अर्ध्या तासाने, बिअर साधारण १३-१४ अंशांवर आली असेल तेव्हा, मी ज्याची वाट पाहत होतो ते आले. घोट गिळून झाल्यावर, नाकातून श्वास सोडताना, भाजलेल्या शेंगदाण्याचे टरफल चोळल्यासारखा वास आणि त्यामागे पावाच्या करपलेल्या कडेची खरपूस चव. ती क्षणभरच टिकली, पुन्हा लाकूड वर आले, पण पुढच्या प्रत्येक घोटात ती त्याच जागी भेटली. अखेरीस जिभेच्या कडांना हलका तुरटपणा राहिला, त्याने गोडी आटोक्यात ठेवली. हॉप्सचा सुगंध म्हणाल तर नव्हता. दहा महिन्यांत तो ओसरतो, आणि या बिअरमध्ये त्याची उणीवही भासत नाही.

घशातल्या चटक्याचे कारण समजून घेण्यासारखे आहे. आपल्या तोंडात उष्णता ओळखणारे एक ग्राहक प्रथिन असते, ते एरवी ४२ अंशांच्या आसपास जागे होते. अल्कोहोल ही मर्यादा ३४ अंशांच्या आसपास खाली आणते, म्हणजे आपल्या शरीराची स्वतःची उबच त्याला भाजल्यासारखी वाटू लागते. मिरचीचा तिखटपणा याच प्रथिनावर काम करतो. म्हणून या बिअरबरोबर तिखट शेव किंवा ठेचा नको. दोघे मिळून तोंड नुसते जाळतात आणि धान्याची चव हरवते. आम्ही शेवटी गुळाची चिक्की घेतली, ती उत्तम जमली.

पेल्यात दोन बोटेच का ओतली, याचा हिशेबही सांगतो. ३५५ मिलिलिटरमध्ये ११ टक्के म्हणजे ३९ मिलिलिटर शुद्ध अल्कोहोल. आपल्याकडच्या ४२.८ टक्क्यांच्या व्हिस्कीचा ३० मिलिलिटरचा छोटा पेग घेतला तर त्यात जवळजवळ १३ मिलिलिटर असते. म्हणजे ही एक लहानशी बाटली तीन छोट्या पेगांइतकी आहे, आणि गोडीमुळे ते तोंडाला कळत नाही. ती दोघांनी किंवा तिघांनी मिळून, तासाभरात संपवायची बिअर आहे, आणि नंतर गाडी चालवायची नाही.

दुसरी बाटली मी चुकीची ठेवली. कडक बिअर वर्षानुवर्षे टिकते हे ऐकून ती कपाटात उभी केली आणि मे महिना त्याच कपाटात गेला, बाहेर पारा ४० अंशांच्या घरात असताना. जूनमध्ये उघडली तेव्हा मनुकांच्या जागी भिजलेल्या पुठ्ठ्याचा वास होता आणि चवीत सोया सॉससारखा खारट-उग्रपणा आला होता. प्राणवायूने केलेला बदल सावकाश आणि थंडाव्यात झाला तर शेरी या स्पॅनिश वाइनसारखा गोड लागतो. उष्णतेत तोच धावत सुटतो आणि पुठ्ठ्यापर्यंत पोहोचतो. आपल्या हवेत अशी बाटली टिकवायची तर फ्रिजशिवाय जागा नाही. पुठ्ठ्याखेरीज आणखी दोन वास ओळखून ठेवावेत : व्हिनेगरचा आणि नेलपॉलिश काढायच्या द्रवाचा. लाकडाच्या छिद्रांत जिवाणू आणि रानटी यीस्ट दडून राहतात, आणि हे वास बहुधा त्यांच्या करणीचे असतात. काही आंबट बिअरमध्ये ते मुद्दाम वाढू देतात, पण ब्राऊन एलमध्ये तो बिघाडच.

पहिल्या बाटलीच्या संध्याकाळी पेले मी मुद्दामच विसळले नाहीत. सकाळी चहाच्या वेळी भाच्याला त्याचा पेला हुंगायला दिला. रात्रभरात अल्कोहोल उडून गेले होते, फळांचे हलके वास गेले होते, आणि काचेला चिकटून राहिलेला तपकिरी थर वाळून गेला होता. त्याने दोनदा नाक नेले आणि म्हणाला, "मामा, हा तर सुताराच्या दुकानाचा वास आहे. आणि व्हॅनिला त्याच्यातच आहे."